निकाल न सांगण्याची रीत : क्रीडावार्ता, काल आणि औचित्य

मराठीत गुपित फुटते, बिंग फुटते, परीक्षेचा पेपर फुटतो. मुद्रित करून ठेवलेला सामना रात्री पाहावयास बसलेला मनुष्य 'निकाल फोडू नका' असे घरच्यांना बजावतो, तेव्हा तो याच क्रियापदाचा आधार घेतो. परंतु 'फुटणे' या क्रियेला काहीतरी बंद, झाकलेले असावे लागते. पन्नास हजार प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलेल्या सामन्याच्या निकालात झाकलेले असे काय असते? जे जगजाहीर आहे ते एखाद्यापुरते न सांगणे हे सौजन्याचे लक्षण केव्हापासून मानले जाऊ लागले? या संकेताचा इतिहास पाहणे आणि त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व शोधणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

ज्या काळी निकाल हाच खेळाचा एकमेव पोहोचणारा अंश होता, त्या काळी निकाल सांगणाऱ्याविषयी तक्रार संभवत नव्हती. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात पालवणकर बाळू यांनी शंभरावर बळी मिळविले. मुंबईच्या वाचकाला ती कामगिरी कळावयाची ती तारेने आणि टपालाने. वार्ता आणणारा त्याच्या दृष्टीने रसाचा दाता होता, भंजक नव्हे. वार्तेखेरीज त्याला पाहण्यासारखे अथवा ऐकण्यासारखे मागे काही उरलेलेच नव्हते.

नभोवाणी आल्यावर प्रथमच दूरस्थ श्रोत्याला मैदानावरील 'आता' लाभला. या 'आता'ची गोडी किती मोठी होती, हे एका विलक्षण प्रयोगावरून दिसते. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत असता ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कमिशनने सिडनीच्या ध्वनिक्षेपणगृहातून सामन्यांचे धावते वर्णन केले. इंग्लंडहून सांकेतिक भाषेत तारा येत. त्यांचा उलगडा करून चार्ल्स मोझेस, अॅलन मॅक्गिल्व्हरे आदी निवेदक चेंडूगणिक वर्णन करीत. बॅटीवर चेंडू बसल्याचा आवाज लाकडावर पेन्सिल आपटून काढला जाई, आणि टाळ्यांसाठी ध्वनिमुद्रिका असत. अमेरिकेतही बेसबॉलच्या सामन्यांची अशी पुनर्रचित वर्णने होत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रीगन हे तिसाव्या दशकात डे मॉइन येथील केंद्रावर हेच काम करीत. एकदा तार बंद पडली तेव्हा ती सुरू होईपर्यंत आपण फलंदाजाला एकामागून एक बाद नसलेले, रेषेबाहेर जाणारे फटके मारावयास लावले, अशी हकीकत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे.

या प्रयोगातील निवेदकाची स्थिती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तार हाती पडताच गडी बाद झाल्याचे त्याला कळलेले असे, तरीही गोलंदाजाची धाव, चेंडूचा टप्पा, फलंदाजाचा पवित्रा या क्रमानेच तो सांगे. जे कळले आहे ते अद्याप घडावयाचे आहे अशा रीतीने बोलणे हा त्याचा व्यवसायधर्म होता. निकाल राखून ठेवण्याची रीत प्रथम सुस्पष्टपणे दिसते ती येथे. श्रोता आणि घटना यांच्या मधले काही मिनिटांचे अंतर निवेदक आपल्या संयमाने झाकीत होता.

२

हा संयम सर्वसामान्य माणसांचा शिष्टाचार बनला तो दूरचित्रवाणीमुळे. २२ ऑगस्ट १९६४ रोजी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर 'मॅच ऑफ द डे' हा कार्यक्रम सुरू झाला. त्या दिवशी लिव्हरपूलने आर्सेनलवर ३-२ असा विजय मिळविला होता. सामना दुपारी झालेला आणि त्याची चित्रफीत सायंकाळी दाखविलेली. पुढे शनिवारी रात्री असे कार्यक्रम दाखविण्याची प्रथा रुळली, आणि मधल्या तासांत एक नवा श्रोतृवर्ग निर्माण झाला : निकाल उपलब्ध असूनही तो नको असलेल्यांचा. बातम्या देणाऱ्याला निकाल सांगणे तर भागच होते. यातून ब्रिटिश वृत्तनिवेदकांच्या तोंडी एक ठराविक वाक्य रुळले : ज्यांना निकाल जाणून घ्यावयाचा नसेल त्यांनी आता नजर दुसरीकडे वळवावी. एवढे बोलून निवेदक गप्प बसतो आणि पडद्यावर आकडे उमटतात.

या साध्या सूचनेत जबाबदारीची मोठी मार्मिक वाटणी आहे. बोलणाऱ्याने इशारा द्यावा व क्षणभर थांबावे, ऐकणाऱ्याने आपले डोळे आपण सांभाळावेत. वार्तेचा हक्क अबाधित राहतो आणि प्रतीक्षेचाही मान राखला जातो. पुढे या विषयात जे जे नियम झाले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या वाटणीत सापडेल.

ही वाटणी मोडली म्हणजे काय होते, याचे चित्र १९७३ साली बीबीसीच्याच एका विनोदी मालिकेने रेखाटले. डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने यांच्या 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टु द लाइकली लॅड्स' या मालिकेतील एका भागात दोन मित्र इंग्लंड-बल्गेरिया सामन्याचा निकाल रात्रीपर्यंत कानावर पडू न देण्याची पैज घेतात, आणि पैज लावणारा तिसरा गृहस्थ दिवसभर त्यांच्या मागावर राहतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यातील 'इंग्लंड' या शब्दापुढचे 'एफ' हे अक्षर तेवढे दृष्टीस पडते आणि ते पराभवाचे की पाच गोलांचे या विवंचनेत दोघे पडतात. अखेर कळते ते असे की, मैदानात पाणी साचल्याने सामना झालाच नाही. ज्या निकालापासून पळावयाचे तो अस्तित्वातच नव्हता! इशारा देणारा कोणी नसेल तर संपूर्ण भार ऐकणाऱ्यावर पडतो आणि त्याला सारे शहरच शत्रू होते, हे या कथेचे मर्म होय.

सत्तरीच्या दशकात घरगुती व्हिडिओमुद्रण यंत्रे आली : १९७५ साली बीटामॅक्स आणि १९७६ साली व्हीएचएस. नंतर पाहण्यासाठी घरी कार्यक्रम मुद्रित करणे न्याय्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली दिला. तोवर विलंब हा प्रक्षेपणसंस्थेने ठरविलेला, म्हणून सर्वांसाठी समान होता. आता ज्याचा त्याचा विलंब निराळा झाला. राष्ट्राची एक 'रात्र' जाऊन हजारो खासगी रात्री आल्या आणि वृत्तनिवेदकाचे ते एक वाक्य अपुरे पडू लागले.

३

इंग्रजीतील 'स्पॉइलर' हा शब्द या अर्थाने प्रचारात येण्याचा काळही हाच. एप्रिल १९७१ मध्ये 'नॅशनल लॅम्पून' या अमेरिकन मासिकात डग केनी यांनी गाजलेल्या चित्रपटांचे व पुस्तकांचे शेवट उघड करणारा एक थट्टेखोर लेख याच नावाने लिहिला. संगणकजालावरील 'यूझनेट' या चर्चाव्यवस्थेत १९८२ साली एका 'स्टार ट्रेक' चित्रपटाच्या निमित्ताने धोक्याच्या सूचनेसह हा शब्द वापरलेला आढळतो. तेथेच पुढे काही युक्त्या रूढ झाल्या. मजकुरापूर्वी अनेक ओळी कोऱ्या सोडणे, प्रत्येक रोमन अक्षराऐवजी त्यापुढचे तेरावे अक्षर लिहून मजकूर दुर्बोध करणे, आणि विषयाच्या ओळीत शेवट अथवा विजेत्याचे नाव न लिहिणे. या तिन्हींत वृत्तनिवेदकाचा तो क्षणभराचा विराम आहे. पूर्वी तो कालात होता, आता कागदावरच्या मोकळ्या जागेप्रमाणे अवकाशात आला.

याच्या नेमकी उलट गरजही त्याच जालावर नांदत होती. १९९३ साली मिनेसोटा विद्यापीठात सायमन किंग यांनी क्रिकइन्फोचा आरंभ केला. परदेशी शिकणाऱ्या भारतीय उपखंडातील विद्यार्थ्यांना तेथे ना दूरचित्रवाणीवर सामना दिसे, ना वर्तमानपत्रात धावफलक. त्यांच्यासाठी पडद्यावर उमटणारा आकडा हाच सामना होता. १९११ च्या वाचकाची स्थिती त्यांच्या वाट्याला पुन्हा आली होती. सबब एकच वाक्य एकाला प्रसाद आणि दुसऱ्याला रसभंग ठरते. दोष वाक्यात नसून वाक्य आणि श्रोता यांच्या संबंधात आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा संबंध फार नाजूक आहे. मराठीत कर्ता अध्याहृत ठेवता येतो आणि क्रियापद पुरुष-वचन दाखविते. त्यामुळे 'जिंकलो!' या एका शब्दात कोण जिंकले आणि काय झाले ही दोन्ही उत्तरे येतात. त्याहून अवघड बाब ध्वनितार्थाची. 'काही सांगत नाही, पण शेवटपर्यंत पाहा' असे म्हणणाऱ्याने सामना चुरशीचा झाल्याचे सांगून टाकलेले असते. 'उगाच जागरण करू नकोस' या हितोपदेशात पराभव स्पष्ट ऐकू येतो. इतकेच काय, एरवी गजबजलेला मित्रमंडळींचा संदेशगट ऐन सामन्याच्या संध्याकाळी सुना पडला, तर ते मौनही बोलते. तात्पर्य, निकाल न सांगणे म्हणजे केवळ शब्द गिळणे नव्हे. आपल्या बोलण्यातून श्रोता काय काढील याचा आधी विचार करणे, ही त्यातील खरी शिस्त आहे.

४

येथे आपल्या साहित्यशास्त्रातील एक विचार उपयोगी पडतो. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त रसभंगाचे कारण म्हणून अनौचित्याकडे बोट दाखविले, कथेच्या पूर्वज्ञानाकडे नव्हे. रामकथेचा शेवट ठाऊक असूनही कीर्तनाला गर्दी होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेतील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही शेवट आधी कळलेल्या कथा वाचकांना कमी नव्हे, उलट काहीशा अधिकच आवडल्या. मात्र या अनुमानाचा विस्तार खेळापर्यंत करता येणार नाही. कथेला कर्ता असतो व तिचा शेवट तिच्या रचनेचा भाग असतो. सामन्याला कर्ता नाही, आणि निकाल अनिश्चित असणे हेच त्याचे द्रव्य होय. तरी आनंदवर्धनाचे तत्त्व येथेही लागू पडते. निकाल कळल्याने होणारी हानी एक आणि तो लादला गेल्याने होणारा अपमान दुसरा. शिष्टाचाराचा संबंध दुसऱ्याशी आहे.

हा भेद न ओळखल्याने मोठ्या संस्थाही अडचणीत आल्या. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकचे अमेरिकेतील एनबीसीचे प्रक्षेपण जवळजवळ सर्वस्वी विलंबाने झाले. २०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्येही महत्त्वाच्या स्पर्धा रात्रीसाठी राखून ठेवण्यात आल्या आणि प्रेक्षकांचा रोष ओढवला. त्यातच जलतरणपटू मिसी फ्रँकलिन हिची शर्यत दाखविण्याच्या थोडे आधी, तिने सुवर्णपदक मिळविल्याचे उघड करणारी स्वतःच्याच दुसऱ्या कार्यक्रमाची जाहिरात या वाहिनीने दाखविली. प्रेक्षकाला थांबावयास लावणाऱ्यानेच थांबण्याचे मोल बुडविले.

मग निकालावर कायदेशीर बंधन घालावे काय? न्यायालयांचा कल याविरुद्ध दिसतो. सामन्याच्या चालू धावसंख्या या वस्तुस्थिती होत, त्या कोणाची मालमत्ता नव्हत, अशा आशयाचा निर्णय एनबीए विरुद्ध मोटोरोला या खटल्यात १९९७ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने दिला. भारतात क्रिकेटची धावसंख्या भ्रमणध्वनीवर कळविणाऱ्यांनी पंधरा मिनिटे थांबावे, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी दिला होता. २०१३ साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो रद्द केला. हे योग्यच झाले. सक्तीने लांबविलेले मौन विक्रेत्याच्या हिताचे असते; रसिकाचे हित त्यातून साधेलच असे नाही. पण यातून एक निष्कर्ष अटळपणे निघतो. निकाल कोणाच्याच मालकीचा नसल्याने प्रतीक्षा करणाऱ्याला शेजाऱ्याच्या सौजन्याखेरीज दुसरे संरक्षण नाही.

आज तर 'थेट' प्रक्षेपणातही हे सौजन्य कसोटीला लागते. इंटरनेटवरून येणारे चित्र उपग्रहावरून येणाऱ्या चित्राच्या कित्येक सेकंद मागे असू शकते. शेजारच्या घरातील आरोळी आपल्या पडद्यावरील षटकाराच्या आधी ऐकू येते. या आरोळीला दोष देता येणार नाही, कारण ती आनंदाची आहे आणि कोणाला उद्देशून नाही. उद्देशून बोलण्यापासूनच शिष्टाचाराची हद्द सुरू होते. मित्राला नावानिशी निकाल कळविणे निराळे आणि आपल्या घरात टाळी पिटणे निराळे. त्याचप्रमाणे या संकेताला मुदतही असली पाहिजे. आठवड्यानंतरही जगाने गप्प बसावे अशी अपेक्षा करणारा श्रोता आपल्या वाट्याची जबाबदारी टाळतो.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. निकाल फुटतो तेव्हा गुपित फुटत नाही, कारण गुपित नव्हतेच. फुटतो तो दोन माणसांनी मिळून पाळलेला 'आता'. एके काळी हा सामाईक वर्तमान मैदानाने दिला, नंतर नभोवाणीने दिला. १९३८ च्या निवेदकांनी तो पेन्सिल आणि लाकडाच्या तुकड्यावर उभा केला. यंत्रांनी आता तो प्रत्येकाला वेगळा वाटून दिला आहे. तो पुन्हा एकत्र आणण्याचे साधन भाषेपाशीच उरले आहे, आणि ते फार जुने आहे : सांगण्यापूर्वी 'तू पाहिलास का?' असे विचारणे.