सरवा आणि उपकारस्तुती

भाद्रपद सरला की मारेगाव-वणीच्या काळ्या रानात कापसाची बोंडे फुटू लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणीला बायांच्या रांगा लागतात. सुगीच्या दिवसांत मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून उपकारस्तुतीची उपासना होते. कोठे तिला कापणीचा सण म्हणतात, कोठे हंगामाचा. धान्याची टोपली, भोपळा, कोंबडी, जे घरात असेल ते वेदीपुढे ठेवायचे, प्रार्थना करायची, मग आवारात त्याचा लिलाव करून पैसा मंडळीच्या कामी लावायचा, अशी ही रीत. तिच्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहिले पाहिजे. कारण नगरपासून जालन्यापर्यंतचा प्रॉटेस्टंट समाज बहुतांशी महार-मांगांतून आलेला आहे, आणि या माणसांना 'उपकार' हा शब्द बाप्तिस्म्याआधीच पुरता ठाऊक होता.

सुगी म्हणजे त्यांच्यासाठी काय होते? वर्षभर गावाची राबणूक करायची, सांगावे न्यायचे, मेलेली ढोरे ओढायची आणि पीक निघाले की खळ्यावर जाऊन जोहार घालायचा. कुणबी देईल ते बलुते पदरात घ्यायचे. ती श्रमाची मजुरी होती. पण गाव ती दान म्हणून देई आणि त्याबद्दल कृतज्ञतेची अपेक्षा करी. बाया कापणी झालेल्या शेतात सरवा वेचत. मालकाने हाकलले नाही, तर तोही त्याचा उपकारच! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले, ते या व्यवस्थेवर बोट ठेवण्यासाठी. ती वतने कायद्याने नाहीशी करण्याचा अधिनियम व्हायला १९५८ साल उजाडले.

कापणीचा सण परदेशातून आला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हॉकर या धर्मगुरूने १८४३ साली कॉर्नवॉलमधील आपल्या चर्चमध्ये त्याला नवे रूप दिले. अमेरिकेत लिंकनने १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार उपकारस्तुतीसाठी जाहीर केला. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते. पुढे वऱ्हाडात, यवतमाळकडे, फ्री मेथडिस्ट मिशन आले. सण मिशनऱ्यांचा असेल. पण महारवाड्यातल्या माणसाच्या हाती तो आला तेव्हा त्याचा अर्थ बदलला. काल जो खळ्याच्या कडेला पदर पसरून उभा होता, तो आज स्वतः टोपली घेऊन पुढे चालत होता. घेणारा देणारा झाला. ज्याचा स्पर्श विटाळ मानला जाई, त्याच्या हातचे धान्य वेदीवर ठेवले जात होते. हा बदल लहान नव्हे.

पण येथेच थांबता येत नाही. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनने अन्न दिले, शाळा-वसतिगृहे दिली. त्याचे मोल कोणी नाकारू नये. मात्र त्या ऋणातून नवा 'मायबाप' उभा राहिला. पाटलाच्या जागी साहेब आला आणि उपकाराची भाषा तीच राहिली. मिशनच्या छायेत वाढणाऱ्या मंडळीचे हे दुबळेपण रेव्ह. ना. वा. टिळकांसारख्या कवीलाही जाणवले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी, शिकलेले ख्रिस्ती अन्यायाविरुद्ध का उठत नाहीत, हाच प्रश्न केला होता.

वास्तविक बायबलातील पहिल्या उपजाचा विधी असा मुका नाही. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात टोपली आणणाऱ्याने आधी आपली हकीकत सांगायची आहे: आमचा पूर्वज भटका होता, मिसरात आम्ही गुलाम होतो, आमच्यावर जुलूम झाला. मग परका, अनाथ, विधवा यांना बरोबर घेऊन जेवायचे. आणि त्याच ग्रंथात सरवा हा गरिबाचा हक्क सांगितला आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. म्हणजे दास्याची आठवण हा कृतज्ञतेचाच भाग आहे. आपल्या मंडळ्यांतून मिसराची गुलामी वाचली जाते. बलुत्याची गुलामी किती वेळा उच्चारली जाते?

ती उच्चारली तर जात कबूल करावी लागेल, अशी भीती असते. पण जात चर्चच्या दाराशी थांबली नाही, आणि सरकारने तर उलटाच न्याय केला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिला. २०२२ साली केंद्राने या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. धर्म बदलला म्हणून अस्पृश्यतेची झळ संपली, असे कोणत्या गावात घडले?

शरदात कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर ठरते. ती बौद्ध असो, कोलाम असो, ख्रिस्ती असो, रान तिचे नसते. तिने वेदीपुढे काय ठेवावे? ओंजळभर ज्वारी ठेवली तरी ती तिच्या घामाची आहे. देवाचे उपकार तिने जरूर मानावेत. मात्र मजुरी, जमीन आणि दर्जा या गोष्टी कोणाच्या उपकाराच्या नाहीत, हेही त्याच उपासनेत मोठ्याने सांगितले गेले पाहिजे. हक्क ज्याच्या हाती आहे, त्याचीच कृतज्ञता मोकळी असते. बाकीचा केवळ जोहार.