भिंतीच्या रंगाची पारख

दख्खनच्या पठारावर काळा कातळ मुबलक, पण चुनखडकाची मात्र वानवा. म्हणून देशावरच्या इमारतींना लागणारा चुना पुष्कळ ठिकाणी काळ्या जमिनीत व ओढ्यानाल्यांच्या काठी सापडणाऱ्या चुनखडीच्या ओबडधोबड गाठींपासून भाजून काढीत, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या लोणारी समाजाच्या हाती असे. कोकणात व गोव्यात तीच गरज खाडीतील शिंपल्या-तिसऱ्यांची टरफले भागवीत. भिंतीचा रंग म्हणजे मुळात हा चुनाच. त्याची खातरजमा करून देणारा कोणताही कारखानदार त्या काळी नव्हता. यजमानाला किंवा त्याच्या विश्वासातल्या गवंड्याला ती भट्टीवर उभे राहून स्वतःच करून घ्यावी लागे.

ही पारख सोपी होती असे कोणी समजू नये. चांगल्या भाजणीची चुनकळी हाताला हलकी लागते. तिच्यावर पाणी शिंपडताच ती सणसणते, तडकते, वाफ सोडते आणि थोड्याच वेळात तिचे मऊ पीठ होते. कच्च्या भाजणीची कळी जड राहते व विरल्यावरही हौदाच्या तळाशी तिचे खडे उरतात. अति भाजलेली कळी तर त्याहून घातक, कारण ती हौदात विरण्याचे नाकारते आणि गिलाव्यात शिरल्यानंतर, सगळे काम आटोपून गवंडी आपल्या घरी गेल्यावर, सावकाश फुगून भिंतीचे टवके उडविते. म्हणूनच जाणता माणूस विरविलेला चुना दीर्घकाळ पाण्याखाली मुरू देई, मग तो फडक्यातून गाळून घेई, त्यात डिंक अथवा सरस आणि चिमूटभर नीळ घाली, आणि भिंत आधी पाण्याने भिजवून कुंच्याने पातळ हात एकावर एक चढवी. पातळ हाताचा हा आग्रह निव्वळ काटकसरीचा नव्हता. चुना हवेतील कर्बवायू पुन्हा शोषून घेऊन हळूहळू दगडाच्या जातीचा होतो. जाड थराला वरून साय धरते, आतला चुना भुसभुशीत राहतो, आणि भिंतीला टेकून बसणाऱ्याची पाठ पांढरी होते. सुकलेल्या भिंतीवरून तळहात फिरवावा आणि तो कोरा निघावा, यापेक्षा वेगळे प्रमाणपत्र त्या पिढ्यांना ठाऊक नव्हते.

रंगाच्या छटांचा प्रश्नही याच चुन्याने सोडविलेला होता. त्याच्या दाहक गुणापुढे कित्येक वनस्पतिजन्य रंग टिकाव धरीत नाहीत. टिकतात ती मातीतून आलेली द्रव्ये: काव, गेरू, पिवळी माती. जुन्या घरांच्या भिंतींवर आपल्याला जो तांबूस-पिवळा संयम दिसतो, त्याचे श्रेय केवळ अभिरुचीला देणे मला पटत नाही; ती निवड बव्हंशी चुन्याने केलेली आहे, आणि आपल्या पूर्वजांची थोरवी ही की त्यांनी त्या मर्यादेतच सौंदर्य शोधले. याची साक्ष गोव्यातील व दक्षिण कोकणातील काही देवळांच्या भिंतींवर पाहावयास मिळते. पेडणे महालातील मोरजीचे मोरजाईचे देऊळ त्यांपैकीच एक. शुभ्र चुन्याच्या गिलाव्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा तांबडा थर द्यावयाचा, तो ओलसर असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग वेली, कमळे व देवतांच्या आकृती यांच्या रूपाने उघडा करावयाचा, अशी ही कावी कला. रंग येथे भिंतीवर लावलेला नसतो, भिंतीचाच अंश झालेला असतो, म्हणून कोकणच्या पावसाचे तडाखे तो सोसतो.

तेलाच्या रंगाने हा दस्तुर मोडला. विदर्भातील जवस मुंबई बंदरातून विलायतेस जाई, आणि त्या जवसाच्या तेलात घोटलेले रंग विलायती बारदानातून याच बंदरात उतरत. १९०२ मध्ये हावड्यास शालिमार कंपनीचा कारखाना निघाला, १९२० मध्ये मुंबईत लोअर परळ येथे गहागन कंपनी सुरू झाली, जी पुढे नेरोलॅक या नावाने ओळखली गेली, आणि १९४२ मध्ये, महायुद्धामुळे परदेशी मालाची आवक आटली असताना, चार मित्रांनी मुंबईतच एशियन पेंट्सचा आरंभ केला. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्या कंपनीसाठी हातात डबा व कुंचला घेतलेला गट्टू नावाचा मुलगा रेखाटला. तेव्हापासून सामान्य गिऱ्हाईक रंगाची प्रत डब्यावरच्या चित्रावरून ओळखू लागले. ज्या भिंतीला तो रंग द्यावयाचा तिचा विचार मात्र मागे पडला. चुन्याच्या भिंतीतील ओल बाहेर पडण्यास वाट लागते. तेलाचा थर ती वाट बुजवितो, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर उंची रंगाला फोड येऊन त्याचे पापुद्रे निघू लागतात. जांभ्याच्या किंवा मातीच्या जुन्या घराला महाग रंग म्हणजे चांगला रंग हा हिशेब लागू पडत नाही, हे आजही पुष्कळांना रंग काढून टाकण्याच्या खर्चातूनच कळते.

तथापि जुन्या पारखीलाही एक गोष्ट अगम्य होती. पांढऱ्या तेलरंगात वापरला जाणारा शिशाचा सफेदा हाताला रेशमासारखा लागे, भिंत उत्तम झाके आणि वर्षानुवर्षे टिके. डोळ्याच्या व बोटांच्या प्रत्येक कसोटीस उतरणारा हा जिन्नस विषारी आहे, हे कोणत्याही कसबी रंगाऱ्याला स्पर्शावरून सांगता आले नसते. जिनेव्हा येथे १९२१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने इमारतींच्या अंतर्भागातील रंगकामात त्याचा वापर, काही अपवाद वगळून, निषिद्ध ठरविला. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ९० भागांवर जाऊ नये असा नियम २०१६ मध्ये झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीचे थर मात्र जुन्या वाड्यांच्या दारां-खिडक्यांवर अद्याप असण्याचा संभव आहे. म्हणून अशी दारे नव्याने रंगविताना ती कोरडी घासू नयेत, पाण्याने भिजवून खरवडावीत, आणि ते काम चालू असेतो घरातील मुलांना दुसरीकडे ठेवावे.