मीठ, फौज आणि चाळीस टक्के

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा चालू होती. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. सरकारी तिजोरीत सात कोटी रुपयांवर शिल्लक पडली होती आणि शिलकीचे ते लागोपाठ चौथे वर्ष होते. अर्थखात्याचे कौतुक होणारच होते. पण मुंबई इलाख्याचे नवे सभासद, पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले, बोलायला उभे राहिले आणि या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. दुष्काळ आणि प्लेगने माणसे मरत असताना तिजोरी भरत असेल, तर रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा कर उतरवा आणि खर्चाला आवर घाला.

कर कमी करा, सरकारी उधळपट्टी थांबवा, संसार आणि धंदा यांना जरा उसंत द्या, ही मागणी आज कुठल्याही निवडणुकीत ऐकू येते. पुण्यात तिची वंशावळ चांगली दीडशे वर्षांची आहे. ती चाळताना जाणवते ते हे, की जुन्या पुणेकरांनी ही मागणी कधी एकटी ठेवली नाही. कर कोणाचा उतरायचा आणि खर्च कोणता कापायचा, हे तिच्या पोटातच असे.

सुरुवात २ एप्रिल १८७० ला करता येते. त्या दिवशी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मतपेटी नसलेल्या काळात ‘आम्ही कोणातर्फे बोलतो’ याचा हा लेखी पुरावा होता. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी खटपट केली आणि १८७१ मध्ये पुण्यात न्यायाधीश म्हणून आलेल्या महादेव गोविंद रानड्यांनी तिला आकड्यांची शिस्त लावली. इंदापूर तालुक्यात १८६७ च्या फेरपाहणीनंतर शेतसारा निम्म्याहून अधिक वाढला होता. सभेने गावोगावची माहिती गोळा करून ही वाढ झेपण्यासारखी नाही, असे सरकारला कळवले. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. सारा, कर्ज आणि पडलेले भाव यांची गाठ त्या दिवशी साऱ्यांना दिसली.

त्याच पुण्यात दुसरा एक आवाज होता, आणि तो सभेलाही टोचणारा होता. जोतीराव फुले १८७६ पासून नगरपालिकेचे नियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा फुल्यांनी विरोधात मत दिले. त्यांच्या बाजूला दुसरा कोणी उभा राहिला नाही. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, हा त्यांचा आग्रह. पुढे १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढच्या निवेदनात आणि ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी हाच हिशेब विस्ताराने मांडला: महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि तो जातो बड्या अधिकाऱ्यांच्या पगार-पेन्शनांवर व वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. कर नुसता जड आहे, एवढ्यावर फुले थांबत नाहीत. एकाकडून घेऊन दुसऱ्याला दिला जातो, ही त्यांची खरी तक्रार.

१८८६ मध्ये लॉर्ड डफरिनच्या सरकारने खर्चात काटकसर सुचवण्यासाठी एक वित्त समिती नेमली आणि रानड्यांना तिच्यावर घेतले. त्याच वर्षी आयकराचा कायदा आला. वर्षाला ५०० रुपयांपासून पुढच्या उत्पन्नावर कर, शेतीचे उत्पन्न वगळून. दोन वर्षांनी मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. हा मण सुमारे ३७ किलोंचा. कारणे उघड होती. ब्रह्मदेश खालसा करण्याचा खर्च, रशियाच्या भीतीने १८८५ नंतर फौजेत केलेली सुमारे तीस हजारांची भर आणि रुपयाची घसरण. लंडनला दरसाल पाठवायची रक्कम पौंडांत असल्याने रुपया उतरला की तेवढ्याच पौंडांसाठी अधिक रुपये मोजावे लागत.

गोखल्यांच्या युक्तिवादाचा कणा इथे आहे. १८९३ मध्ये सरकारने चांदीच्या रुपयांची खुली टंकसाळ बंद केली. पुढे काही वर्षांत रुपया सावरून सोळा पेन्सांवर स्थिरावला. लंडनच्या देण्यासाठी आता कमी रुपये लागू लागले, पण घसरणीच्या नावाने वाढवलेले कर मात्र जागच्या जागी राहिले. फुगलेली शिल्लक आली ती यातून. संकटाच्या नावाने बसवलेला कर संकट सरल्यावरही जात नाही, ही गोष्ट त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवली. या आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशी या हेडमास्तरांचा अभ्यास होता. १८९७ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी गोखले लंडनला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले, तेव्हाची तयारीही त्यांच्याच मदतीने झाली होती. पाठवणारी संस्था होती डेक्कन सभा. टिळकांच्या गटाने सार्वजनिक सभा ताब्यात घेतल्यावर रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये ही नवी सभा काढली. टिळकांचा मार्ग वेगळा होता. १८९६ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेड्यांत जाऊन साऱ्याच्या सुटीबद्दल सरकारचाच दुष्काळी कायदा काय सांगतो, ते शेतकऱ्यांना समजावत होते. मार्गांवरून भांडण होते. जास्त कर कोणाच्या बोकांडी बसतो याबद्दल नव्हते.

१९०२ च्या भाषणात गोखल्यांनी कोणते कर उतरवा हे नावानिशी सांगितले. मिठाचा, कारण तो गरिबाच्या भाकरीवर बसतो. आयकराची मर्यादा वाढवा, म्हणजे छोटा दुकानदार आणि कारकून सुटेल. आणि देशी गिरण्यांच्या कापडावरचा साडेतीन टक्के कर उठवा. तो १८९६ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या समाधानासाठी बसवला होता. कापायचा खर्च कोणता, हेही स्पष्ट होते: फौज.

१९०३ मध्ये मिठावरचा कर दोन रुपये झाला आणि आयकराची मर्यादा हजार रुपयांवर गेली. १९०५ मध्ये मीठ दीड रुपयावर, १९०७ मध्ये एक रुपयावर आले. कापडावरचा कर जायला मात्र १९२५-२६ उजाडावे लागले. तोवर गोखले जाऊन दहा वर्षे झाली होती.

पण गोखल्यांना निव्वळ करकपातीचे पुढारी म्हणता येत नाही. १६ मार्च १९११ ला त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यात स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी खास कर बसवण्याची मुभा होती. मिठाच्या करासाठी भांडलेला माणूस शाळेसाठी नवा कर मागत होता. त्यांच्या मनात विसंगती नव्हती: फौजेवरचा खर्च कमी व्हावा, शाळेवरचा वाढावा. १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. हंटर आयोगापुढे फुल्यांनी मांडलेल्या गरिबांच्या शिक्षणाच्या मागणीच्या इतक्या जवळ पुण्याचे मवाळ राजकारण क्वचितच आले असेल.

स्वातंत्र्यानंतर ही मागणी व्हाइसरॉयच्या दारातून महापालिकेच्या सभागृहात आली. १५ फेब्रुवारी १९५० ला पुणे महापालिका झाली. ३ एप्रिल १९७० च्या ठरावाने, घरमालक स्वतः राहत असेल तर करपात्र मूल्यात ४० टक्के सूट मिळाली आणि दुरुस्तीची वजावट कायद्यातल्या १० ऐवजी १५ टक्के झाली. पन्नासेक वर्षे पुणेकरांनी ती गृहीत धरली. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि राज्य सरकारने २०१९ मध्ये सवलत काढली. फुगलेली बिले घरोघरी पोचली, ओरड झाली. पुण्यातल्या कसबा मतदारसंघाची पोटनिवडणूक होऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच, एप्रिल २०२३ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने ४० टक्के परत दिले. १५ टक्क्यांचे मात्र १० झाले. लोक सवलतीसाठीचा ‘पीटी-३’ अर्ज भरायला रांगेत उभे राहिले.

व्यापाऱ्यांची कहाणी समांतर चालली. १ एप्रिल २०१३ ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि दुकाने बंद ठेवून त्याला विरोध झाला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीला त्यातून सूट मिळाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तोही संपला. शहराच्या वेशीवरचा कर गेला. त्याबदल्यात महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळू लागली, दरवर्षी ८ टक्के वाढीच्या हिशेबाने. शहराची कमाई मुंबईतून येणाऱ्या हप्त्यावर टेकली आणि हातचा मोठा कर उरला तो मिळकतकर. त्यावर सवलत किती, हेही शेवटी मंत्रिमंडळानेच ठरवले.

४० टक्क्यांनी हजारो कुटुंबांना दिलासा मिळाला, यात शंका नाही. ही सवलत घरमालकाला मिळते, आणि तीही तो स्वतः राहत असेल तरच. भाडेकरूचे घर तिच्यात बसत नाही. हे योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण २०२३ च्या गदारोळात हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही. गेलेल्या रकमेपायी महापालिकेचा कोणता खर्च कमी होणार, हाही नाही. सार्वजनिक सभेचा सभासद पन्नास सह्या आणून बोलत असे आणि गोखले फौजेचा आकडा समोर ठेवून मीठ मागत. आज सूट मागणाऱ्या प्रत्येक पक्षाने तिच्याशेजारी खर्चाचे एक नाव लिहून द्यावे, एवढी अपेक्षा या शहरात तरी अवाजवी ठरू नये.