ग्रंथांच्या मागाने मध्य आशिया

समरकंद, बुखारा आणि खिवा ही नावे मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत ती बहुधा स्वाऱ्यांच्या इतिहासातून. चंगीझखान, तैमूर आणि १४८३ मध्ये अंदिजान येथे जन्मलेला बाबर यांच्यामागे ही शहरे उभी असतात. परंतु या शहरांना मोठेपण दिले ते व्यापाराने, आणि व्यापाराच्याच पाठीवर बसून आलेल्या विद्येने. ‘रेशीम मार्ग’ हे नाव जर्मन भूगोलतज्ज्ञ फर्डिनांड फॉन रिख्तहोफेन याने १८७७ मध्ये रूढ केले. वस्तुतः तो एक मार्ग नव्हता, अनेक वाटांचे जाळे होते. आणि त्यावरून रेशमाबरोबर घोडे, रत्ने, औषधी, धर्म, कागद आणि पोथ्या यांचीही ने-आण होत असे.

आज या शहरांचा प्रवास पूर्वीइतका दुर्घट राहिलेला नाही. उझबेकिस्तान १९९१ मध्ये स्वतंत्र झाला. ताश्कंदहून समरकंदला २०११ पासून वेगवान रेल्वे धावते व २०१६ मध्ये ती बुखाऱ्यापर्यंत पोहोचली. उन्हाळ्याचा दाह आणि हिवाळ्याचा कडाका टाळून वसंत अथवा शरद ऋतूत निघावे, हेही सर्वश्रुत आहे. खरा प्रश्न उरतो तो पाहायचे काय, याचा. घुमट आणि मिनार मोजत गेलेला प्रवासी चार दिवसांत थकतो. निळ्या फरशांची एक भिंत त्याला दुसरीसारखी दिसू लागते. त्याऐवजी ग्रंथांचा माग काढीत गेल्यास याच शहरांना एक सलग कथा सापडते. प्रवासाची आखणी त्या दृष्टीने करता येते.

आरंभ ताश्कंदपासून करावा. तेथील हजरती इमाम या वास्तुसमूहात ‘उस्मानी कुराण’ म्हणून पूजनीय मानलेली चर्मपत्रावरील प्राचीन प्रत आहे. रशियन सत्तेने ती १८६९ मध्ये समरकंदहून सेंट पीटर्सबर्गला नेली आणि विसाव्या शतकात ती परत आली. ताश्कंदमधीलच अल्-बिरुनी संस्थेचा हस्तलिखितसंग्रह युनेस्कोने १९९७ मध्ये जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंदविला. ज्या अल्-बिरुनीचे नाव या संस्थेस दिले आहे, तो खिव्याच्या ख्वारिज्म प्रांतात ९७३ मध्ये जन्मला आणि भारताविषयीच्या आपल्या ग्रंथामुळे आपल्याही इतिहासाचा साक्षीदार ठरला.

दुसरा मुक्काम समरकंद. इ.स. ७५१ च्या तलास येथील लढाईत पकडलेल्या चिनी कारागिरांनी येथे कागद तयार करण्याची विद्या आणली, अशी परंपरागत कथा आहे. कागद त्याआधीच व्यापाऱ्यांकरवी या भागात पोहोचला असावा, असे आजचे अनेक अभ्यासक मानतात. कसेही असो, समरकंदचा कागद पुढे इस्लामी जगात नावाजला गेला. शहराजवळील कोनिगिल गावात तुतीच्या सालीपासून कागद करण्याची जुनी रीत विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. पाणचक्कीवर चालणाऱ्या मुसळांखाली साल कुटली जाताना पाहिली, म्हणजे ग्रंथ ही किती श्रमाची वस्तू होती हे ध्यानात येते.

समरकंदच्या रेगिस्तान चौकात तीन मदरसे आहेत. त्यांतील सर्वांत जुना (१४१७–१४२०) तैमूरचा नातू उलुगबेग याने बांधला. राज्यकर्त्यापेक्षा ज्योतिर्विद म्हणूनच तो मोठा होता. त्याच्या वेधशाळेतील निरीक्षणांवरून सिद्ध झालेल्या सारणीत हजाराहून अधिक ताऱ्यांची स्थाने दिली आहेत. १४४९ मध्ये पोटच्या मुलाच्या हुकमाने उलुगबेगची हत्या झाली. वेधशाळा ओसाड पडून पुढे भुईसपाट झाली व १९०८ मध्ये उत्खननात तिचा पाया सापडला. सारणी मात्र वाचली. त्याचा सहकारी अली कुश्जी पुढे इस्तंबूलला गेला. सारणीच्या प्रती देशोदेशी पसरल्या. तिच्यातील तारकासूची १६६५ मध्ये ऑक्सफर्ड येथे छापली गेली, आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने आपल्या पंचांगगणितासाठी तिचाच आधार घेतला. जयसिंगाने उज्जयिनीस उभारलेल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी केला. समरकंदच्या टेकडीवरील त्या भग्न चापाचे क्षिप्रातीराशी असे नाते आहे.

तिसरा मुक्काम बुखारा. सामानी राजांच्या काळात, दहाव्या शतकात, येथे एक विख्यात राजग्रंथालय होते. आजारी राजाच्या उपचारात साहाय्य केल्याबद्दल तरुण इब्न सीना याने त्या ग्रंथालयात प्रवेशाची अनुमती मागितली. खोल्यांमागून खोल्या, प्रत्येकीत पेट्यांमध्ये रचलेले ग्रंथ आणि प्रत्येक विषयाला स्वतंत्र दालन, असे त्याने आत्मवृत्तात सांगितले आहे. पुढे ते ग्रंथालय जळाले. ज्ञान आपल्या एकट्यापाशी राहावे म्हणून इब्न सीनानेच आग लावली, अशी कंडी त्याच्या शत्रूंनी पिकविली. ११२७ मध्ये बांधलेला कल्याण मिनार बुखाऱ्यात अजून उभा आहे. ग्रंथालयाचे मात्र एका वाचकाच्या आठवणीखेरीज काही उरले नाही.

यानंतर बहुतेक प्रवासी थेट खिव्याकडे वळतात. ज्याला ग्रंथांचा माग काढायचा आहे, त्याने अमू दर्या ओलांडून, तुर्कमेनिस्तानचा वेगळा परवाना काढून, मर्व्ह गाठावे. तेथे सुलतान संजरची बाराव्या शतकातील कबर, तुटके तट आणि मैलोगणती मातीचे उंचवटे यांवाचून फारसे काही दिसत नाही. याच परिसरातील बौद्ध अवशेषांत मृत्तिकापात्रात ठेवलेले भूर्जपत्रावरील संस्कृत लेखन मिळाले आहे, यावरून या वाटेवरची भारताची ये-जा किती जुनी होती हे कळते.

तेराव्या शतकाच्या आरंभी याकूत नावाचा विद्वान मर्व्हमध्ये राहिला. तो लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. पुढे व्यापारी आणि नकलनवीस झालेला. शहरातील दहा ग्रंथालयांचे वर्णन त्याने केले आहे. त्यांतील एकात सुमारे १२,००० ग्रंथ होते. तो सांगतो की, आपल्या घरी सदैव दोनशे किंवा त्याहून अधिक ग्रंथ वाचनासाठी आणलेले असत, आणि त्यांपैकी बहुतेकांसाठी अनामत ठेवावी लागत नसे. परक्या गावच्या, कोणतेही पाठबळ नसलेल्या माणसावर ग्रंथपालांनी ठेवलेला हा विश्वास होता. मंगोल सैन्य येत असल्याचे कळताच याकूत पश्चिमेकडे निघून गेला. १२२१ मध्ये मर्व्ह पडले. असंख्य माणसे कापली गेली आणि ती ग्रंथालयेही नष्ट झाली.

याकूत १२२९ मध्ये अलेप्पो येथे वारला. तोवर त्याने आपला देशकोश सिद्ध केला होता. त्यातील पुष्कळ सामग्री मर्व्हच्या ग्रंथालयांतूनच त्याने गोळा केली होती, हे त्याने कृतज्ञतेने नमूद केले आहे. जे ग्रंथ कपाटात राहिले ते राख झाले. वाचकाने घरी नेले, वाचले आणि टिपून घेतले, त्यांतील काही अंश आठशे वर्षे टिकला.

खिव्याच्या मातीच्या तटांत प्रवासाची सांगता करावी. तेथे अल्-ख्वारिज्मीचा पुतळा आहे. त्याच्याच नावावरून गणितातील ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. परंतु आखणी करताना एक संपूर्ण दिवस मर्व्हसाठी राखून ठेवावा. पाहण्यासारखे तेथे थोडे आहे. अनामत न घेता ग्रंथ देणारे एक शहर तेथे होते, एवढे मनाशी धरून त्या उंचवट्यांवरून चालावे. ज्या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या वाचकांच्या घरी ग्रंथ पोहोचविले आहेत, त्यांना त्या मातीचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.