आरोग्य सेतू (खुला कोड)
कोविडबाधितांचे संपर्क शोधण्यासाठी केंद्र सरकारने २ एप्रिल २०२० रोजी आणलेले ॲप. समजा, गोव्यातील केरी-तेरेखोल फेरीबोटीत दोघे शेजारी उभे राहिले, तर त्यांचे फोन ब्लूटूथने एकमेकांची खूण टिपून स्वतःपाशी ठेवीत. त्यांपैकी कोणी बाधित ठरल्यास ती नोंद सर्व्हरवर जाई. मे २०२० मध्ये अँड्रॉइड आवृत्तीचा कोड गिटहबवर खुला झाला. त्रुटी कळवणाऱ्यांना १ लाख रुपयांपर्यंत बक्षीसही जाहीर झाले. सर्व्हरचा कोड मात्र बंदच होता. साहजिकच, तक्रार नोंदवता येई, पण पाठवलेली माहिती तिकडे खरोखर पुसली जाते का, हे बाहेरून पडताळता येत नसे. पासवर्ड आणि सर्व्हरच्या किल्ल्या झाकणे रास्तच; नागरिकांच्या माहितीवरील प्रक्रिया झाकणे समर्थनीय नव्हते. सर्व्हरकडील कोड नोव्हेंबर २०२० मध्ये ओपनफोर्ज या सरकारी कोड-मंचावर प्रसिद्ध झाला.