चौदा निसान की पंधरा निसान?

पनवेल-रोहा लोहमार्गावर जिते, हमरापूर, पेण अशी स्थानके ओळीने लागतात. या पट्ट्यातल्या गावांची नावे बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजातील कुटुंबांनी आडनावांत जपली: पेणकर, रोहेकर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला ग्रंथ १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. त्यात कोकणातल्या जुन्या सणांची नोंद आहे. ‘अनाशी ढाकाचा सण’ हा त्यांपैकी एक. घरातले आंबट पाण्याचे मडके झाकून ठेवायचे आणि सण सरेपर्यंत उघडायचे नाही, असा तो रिवाज. हा वल्हांडण सण होय. खमीर वर्ज्य करण्याची मोशेची आज्ञा एका मडक्यात टिकून राहिली, असे मानायला जागा आहे. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला. वल्हांडणाच्या रात्रीच्या भोजनाचा विधी त्यात क्रमाने दिला आहे, आणि चित्रांत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात.

ख्रिस्ती शुभवर्तमानांतला एक जुना पेच याच सणाच्या तिथीभोवती फिरतो. येशूला वधस्तंभावर खिळले तेव्हा जेरुसलेममध्ये सणाची तयारी चालली होती, की सण आदल्या रात्रीच लागला होता?

आधी निश्चित काय ते पाहू. वार शुक्रवार होता, यावर चारही शुभवर्तमाने एकमत आहेत. शिक्षा पंतय पिलाताच्या अमलात झाली, तो इ. स. २६ ते ३६ यहूदियाचा अधिकारी होता आणि त्याचे नाव कोरलेला शिलालेख १९६१ साली कैसरियात सापडला. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी दुपारनंतर मंदिरात कोकरे कापत. यहुदी इतिहासकार जोसेफसने ही वेळ नवव्या ते अकराव्या तासाची, म्हणजे आपल्या साधारण तीन ते पाच वाजताची, दिली आहे. सूर्य मावळला की पंधरावा दिवस लागे आणि घराघरांत भोजन होई.

आता साक्षी फुटतात. मार्कच्या चौदाव्या अध्यायात कोकरू कापण्याच्या दिवशीच शिष्य भोजनाची जागा विचारतात. मत्तय आणि लूक मार्कच्याच वाटेने जातात. म्हणजे शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन, आणि मृत्यू पंधराव्या दिवशी. योहान वेगळे सांगतो. अठराव्या अध्यायात, शुक्रवारी सकाळी, याजक पिलाताच्या वाड्यात पाऊल टाकत नाहीत; विटाळ झाला तर वल्हांडणाचे भोजन करता येणार नाही, ही त्यांची अडचण. एकोणिसाव्या अध्यायात तर त्या दिवसाला वल्हांडणाच्या तयारीचा दिवस असेच म्हटले आहे. म्हणजे भोजन अजून व्हायचे होते, आणि येशूचा मृत्यू चौदाव्या दिवशी, कोकरे कापली जात होती त्या सुमारास झाला.

योहानाचा यात हेतू असू शकतो. येशूच्या शरीराचे हाड मोडले नाही, हे तो आवर्जून नोंदवतो, आणि वल्हांडणाच्या कोकराचे हाड मोडू नये असे निर्गमच्या बाराव्या अध्यायात आहे. कोकराशी मेळ घालण्यासाठी त्याने तारीख एक दिवस मागे घेतली असेल का? शंका रास्त आहे. पण तिची परीक्षा योहानाला बाजूला ठेवून, मार्कच्याच मजकुरात घेता येते, आणि खरी उत्कंठा तिथेच आहे.

चौदाव्या अध्यायाच्या आरंभी याजक ठरवतात की सणात अटक नको, लोक खवळतील. पंधराव्या अध्यायात कुरेनेकर शिमोन रानातून येताना पकडला जातो. त्याच संध्याकाळी अरिमथाईकर योसेफ तागाचे वस्त्र विकत घेतो. सणाच्या पवित्र दिवशी पैशांचा व्यवहार कसा झाला? मार्कने सांगितलेल्या तारखेला हे तपशील बोचतात. तरी घाई नको. रानातून येणारा माणूस काम करूनच येत असेल असे नाही. वस्त्राचे म्हणाल तर, सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात निकडीची वस्तू आज घेऊन हिशेब नंतर करण्याची सवलत नमूद आहे. म्हणून यांतला एकही पुरावा एकट्याने निकाल देत नाही. मला वजनदार वाटते ती त्यांची एकत्र उपस्थिती. मार्कच्या हाती आलेल्या जुन्या कथनात दिवस चौदावा असावा आणि भोजनाची चौकट नंतर बसवली गेली असावी, हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

चारही शुभवर्तमानांहून जुनी साक्ष पौलाची. करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र इ. स. ५५ च्या आसपासचे. त्यात शेवटच्या भोजनाची रात्र धरून दिल्याची रात्र एवढीच ओळखली आहे. वल्हांडणाचे नाव नाही. त्याच पत्रात तो ख्रिस्ताला वल्हांडणाचा यज्ञपशू म्हणतो. हे चौदाव्या दिवसाशी जुळते, पण रूपकावरून तिथी काढणे धोक्याचे. तालमूदच्या सनहेद्रिन भागात वल्हांडणाच्या पूर्वदिनी येशूला टांगल्याचा उल्लेख आहे. तो शतकांनंतरच्या संकलनातला, म्हणून त्यावर फार भार टाकता येत नाही.

या मतभेदाने पुढे चर्चही विभागली. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधल्या मंडळ्या चौदावा निसान पाळत. रोम रविवार पाळे. स्मर्नाचा पॉलिकार्प यासाठी रोमला जाऊन तिथल्या बिशप अनिसेटसला भेटला. एकमत झाले नाही, पण दोघे सलोख्याने वेगळे झाले. अकराव्या शतकात प्रभुभोजनाच्या भाकरीवरून वाद पेटला: ग्रीक खमिराची वापरत, लॅटिन बेखमीर. भोजन वल्हांडणाचेच होते, हा लॅटिनांचा एक मुख्य आधार. रेवदंड्यासमोरच्या कोर्लईत पोर्तुगीजांच्या काळापासून कॅथलिक वस्ती आहे. तिथल्या मिस्सेतली गव्हाची पातळ भाकरी, म्हणजे ओस्त, बेखमीर असतो, तो याच लॅटिन परंपरेने. अनाशीचे मडके आणि कोर्लईचा ओस्त, दोन्ही एकाच जिल्ह्यातले.

उरले आकाश. पिलाताच्या काळात चौदावा निसान शुक्रवारी येतो ती दोन वर्षे गणिताने ठळक दिसतात: ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३. पंधरावा निसान शुक्रवारी हवा असेल तर सन २७ कडे जावे लागते, आणि लूकच्या तिसऱ्या अध्यायाप्रमाणे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे कार्य तिबेरियसच्या पंधराव्या वर्षी, सुमारे २८-२९ मध्ये सुरू झाले. सन ३४ धरायचे तर त्या वर्षी अधिक महिना घातला गेला होता असे गृहीत धरावे लागते. मात्र महिना चंद्रकोर डोळ्यांनी पाहून ठरे, आणि ढगाळ संध्याकाळ एक दिवस इकडचा तिकडे करू शके. तेवढी सूट ठेवूनही योहानाच्या शुभवर्तमानाची बाजू मला भक्कम वाटते. ३० आणि ३३ यांत निवड करायला मात्र तिथीचा पुरावा पुरत नाही.