प्रतिज्ञा, शपथ आणि ईश्वराचे नाव

देशभरातील शाळांमध्ये म्हटल्या जाणाऱ्या राष्ट्रीय प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख नाही. मंत्र्यांच्या शपथेत मात्र तो करता येतो. बंगळुरू या एकाच शहरात या दोन्ही परंपरांचे दाखले मिळतात. देशनिष्ठेच्या शब्दांत धर्माला किती स्थान असावे आणि प्रसारमाध्यमांनी ते शब्द कसे हाताळावेत, हा प्रश्न त्यामुळे वेळोवेळी चर्चेत येतो.

बंगळुरूची बैठक

ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगू भाषेत लिहिली. त्या वेळी ते विशाखापट्टणम येथे कोषागार अधिकारी होते. ११ आणि १२ ऑक्टोबर १९६४ रोजी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक तत्कालीन शिक्षणमंत्री एम. सी. छागला यांच्या अध्यक्षतेखाली बंगळुरूत झाली. शाळांमधून प्रतिज्ञा म्हटली जावी, असे त्या बैठकीत ठरले आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभर लागू करण्यात आली. देश, देशबांधव, परंपरा, आईवडील आणि गुरुजन यांचा तिच्यात उल्लेख आहे. कोणत्याही दैवताचे नाव नसल्याने ती सर्वधर्मीय विद्यार्थ्यांना एकत्र म्हणता येते.

घटनेतील दोन पर्याय

राज्यघटनेने वेगळा मार्ग स्वीकारला. तिसऱ्या अनुसूचीतील नमुन्यांनुसार मंत्री किंवा आमदार ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतात अथवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करू शकतात. दोन्हींचे कायदेशीर मूल्य सारखेच आहे. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करण्याची हरी विष्णू कामत यांची दुरुस्ती मात्र घटना समितीने १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली. ईश्वराचे नाव घेणे ही व्यक्तीची निवड राहिली. ते संपूर्ण राष्ट्राच्या वतीने घेतले गेले नाही.

व्यवहारात या मर्यादा ताणल्या जातात. बी. एस. येडियुरप्पा यांनी १७ मे २०१८ रोजी ईश्वर आणि शेतकरी यांच्या नावाने शपथ घेतली. २० मे २०२३ रोजी बंगळुरूच्या कंठीरव स्टेडियमवर डी. के. शिवकुमार यांनी आपले गुरू गंगाधर अज्ज यांचे नाव घेतले. महाराष्ट्रात ३० डिसेंबर २०१९ रोजी के. सी. पाडवी यांनी मसुद्याबाहेरची वाक्ये उच्चारल्याने तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली.

वंदे मातरम् आणि आकाशवाणी

शब्द गाळण्याचा वाद सर्वाधिक रंगला तो ‘वंदे मातरम्’वरून. पुढील कडव्यांतील देवीरूपाच्या वर्णनावर आक्षेप आल्याने काँग्रेस कार्यकारिणीने ऑक्टोबर १९३७ मध्ये राष्ट्रीय सभांत पहिली दोन कडवीच गावीत, असे ठरवले. मात्र १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी पंडित ओंकारनाथ ठाकूर यांनी रेडिओवरून हे गीत संपूर्ण गायले. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी या गीताला राष्ट्रगीताइतकाच मान राहील, असे जाहीर केले. आकाशवाणीच्या प्रातःकालीन सभेचा आरंभ या गीताने करण्याची प्रथा रूढ झाली. गीताच्या दीडशेव्या वर्षानिमित्त डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत झालेल्या चर्चेत १९३७ च्या निर्णयावरून पुन्हा वाद झाला.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेच्या ध्वजप्रतिज्ञेत ‘ईश्वराच्या छत्राखाली’ अशा अर्थाचे शब्द १९५४ मध्ये घालण्यात आले. १९ जून २०११ रोजी एनबीसी वाहिनीने गोल्फ स्पर्धेच्या प्रक्षेपणाआधी मुले प्रतिज्ञा म्हणत असल्याचे दृश्य दाखवले. संकलनात हे शब्द गळाले होते. प्रेक्षकांनी तीव्र नाराजी व्यक्त केल्यावर वाहिनीला त्याच प्रक्षेपणात दिलगिरी व्यक्त करावी लागली. ते शब्द प्रतिज्ञेत असावेत की नसावेत, हा वाद त्या देशात जुना आहे. पण तो परस्पर निकाली काढण्याचा अधिकार संकलकाला नाही, हा या नाराजीचा मुख्य रोख होता.

न म्हणण्याचा हक्क

भारतात या प्रश्नाची दुसरी बाजू ११ ऑगस्ट १९८६ रोजी स्पष्ट झाली. केरळमधील ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु गात नसत. त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. अभिव्यक्ती आणि धर्मस्वातंत्र्याच्या हक्कांत मौनालाही जागा आहे, असा या निकालाचा आशय होता.

प्रसारकाची जबाबदारी

केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधील कार्यक्रम संहितेनुसार धर्मांवर किंवा समाजगटांवर हल्ला करणारा मजकूर दाखवता येत नाही. मात्र शपथेत ईश्वराचे, गुरूचे किंवा राज्यघटनेचे नाव घेणे म्हणजे असा हल्ला नव्हे. शपथ नियमानुसार झाली की नाही, हे ठरवण्याचे काम राज्यपाल, सभागृहाचे अध्यक्ष किंवा न्यायालयाचे आहे. बातमीदार आणि अनुवादकाने ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘दृढकथन’ यांतील फरक जसाच्या तसा सांगणे आवश्यक ठरते. दोन्हींसाठी सरसकट ‘शपथ’ हा एकच शब्द वापरला, तर घटनेने दिलेली निवड वाचकापर्यंत पोहोचतच नाही.